बिरसी ते भैरहवा : सातशे पस्तीस किलोमीटरांची कैफियत

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वैनगंगेच्या काठी, घाट, देवळे आणि जुन्या किल्ल्याचा कोट सांभाळीत वसलेले पवनी हे तालुक्याचे गाव ‘विदर्भाची काशी’ म्हणून भाविकांस जितके परिचित आहे, तितकेच ते पुरातत्त्वज्ञांस एका निराळ्या कारणाने परिचित आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी मिळून येथील जगन्नाथ टेकडी व तिचा परिसर खणून काढला, तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष, कोरीव स्तंभ, ब्राह्मी लिपीतील दानलेख आणि फणा उभारून बुद्धासनावर छत्र धरणारा मुचलिंद नाग उजेडात आला, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी या दोघा संशोधकांनी त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध केला. पवनीजवळच्या रुयाड येथे जपानी उपासकांच्या साहाय्याने उभा राहिलेला महास्तूप तर अगदी अलीकडचा. ज्या पंचक्रोशीत दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या नावाने दगड कोरले गेले आणि ज्या विदर्भात १९५६ च्या ऑक्टोबरात लक्षावधी माणसांनी धम्मदीक्षा घेतली, तेथील एखाद्या गृहस्थाच्या मनात बुद्धाचे जन्मस्थान एकदा डोळ्यांनी पाहावे असे आले, तर त्यात नवल काहीच नाही; नवल आहे ते त्यापुढच्या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना होणाऱ्या त्रेधेचे. लुंबिनी पवनीपासून किती दूर?

नकाशावर दोरा ताणला तर पवनी ते लुंबिनी हे अंतर सुमारे ८३० किलोमीटर भरते, म्हणजे पवनीकरास मुंबई जितकी दूर आहे त्याहून फारसे अधिक नाही. मौजेची गोष्ट अशी की या दोऱ्याच्या दोन्ही टोकांपाशी एकेक लहानसा विमानतळ आहे. इकडे गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ, जो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने लष्करी गरजेपोटी बांधला आणि जेथे २००८ पासून वैमानिक घडविणारी राष्ट्रीय संस्था चालते. तिकडे नेपाळच्या तराईत भैरहवा, ज्याचे सरकारी दप्तरी नाव सिद्धार्थनगर आणि ज्याच्या जुन्या धावपट्टीच्या जागी तीन किलोमीटर लांबीची नवी धावपट्टी बांधून १६ मे २०२२ रोजी, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. दोन शेजारी राष्ट्रांतील या दोन आडवळणी विमानतळांमध्ये अंतर किती आणि ते काटण्यास काळ किती, एवढाच या लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा, पण त्याच्या पोटात भूगोल, मुलकी कायदा, परराष्ट्र-व्यवहार आणि दुकानदारीचा जमाखर्च इतक्या गोष्टी दडलेल्या आहेत की उत्तर एका आकड्यात संपत नाही.

आकडा मात्र कोणालाही घरबसल्या काढता येईल, आणि शाळकरी मुलाकडून तो काढून घेण्यासारखी दुसरी करमणूक नाही. बिरसीचा अक्षांश सुमारे साडेएकवीस अंश आणि रेखांश ८०.३, भैरहव्याचा अक्षांश साडेसत्तावीस आणि रेखांश ८३.४. अक्षांशांतील फरक सहा अंशांचा. प्रत्येक अंश १११ किलोमीटरांचा धरला तर दक्षिणोत्तर अंतर झाले ६६६ किलोमीटर. रेखांशांतील फरक ३.१ अंशांचा, परंतु रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना परस्परांच्या जवळ येत असल्यामुळे या मधल्या पट्ट्यात त्यांचा एक अंश १०१ किलोमीटरांचाच भरतो, म्हणून पूर्वपश्चिम अंतर झाले ३१३ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढावयाचा: दोन्ही संख्यांचे वर्ग करून मिळवावे, मूळ काढावे, की ७३५ च्या आसपासचा आकडा हाती येतो. पृथ्वी गोल असल्याने हा हिशेब काटेकोर नव्हे, पण एवढ्या अंतराला त्यातील चूक दखल घेण्याजोगी राहत नाही. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अर्थात अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्या मापाने बिरसी-भैरहवा अंतर चारशे मैलांच्या किंचित आत येते.

ही काल्पनिक रेषा कशावरून जाते ते पाहणे आकड्याहून अधिक मनोरंजक आहे. बालाघाट डावीकडे टाकून ती कान्ह्याच्या सालवनावर चढते, दिंडोरीच्या आसपास नर्मदा ओलांडते, तीही नर्मदा अजून लहानच असते तेथे. मग शहडोल, सिधी, विंध्याचे पठार, आणि प्रयाग व मिर्झापूर यांच्या दरम्यान गंगा. गंगेपलीकडे जौनपूर उजव्या हातास थोडक्यात राहते आणि भारतीय प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशीच्या रेखावृत्तावर बेतलेली आहे तेही तेथेच ओलांडले जाते. पुढे खलीलाबाद, म्हणजे ज्याच्या शेजारी मगहर आहे आणि मगहरात कबीराची समाधी आहे ते गाव. आणि शेवटी राप्तीच्या खोऱ्यातील भातखाचरांवरून, डोळ्यांस कोठेही न दिसणारी सरहद्द पार करून, भैरहवा. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकावरून निघून मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश ही दोनच राज्ये ओलांडली की नेपाळ येतो, हे पुण्यामुंबईच्या वाचकास कदाचित खरे वाटणार नाही.

विमानास यासाठी वेळ किती लागावा? लहान गावांच्या धावपट्ट्यांवर नेहमी दिसणारे विमान म्हणजे पंख्याचे ए.टी.आर. ७२, त्यात सत्तरच्या वर उतारू बसतात आणि ते ताशी सुमारे पाचशे किलोमीटर वेगाने उडते. नुसता भागाकार केला तर दीड तास होतो. परंतु विमान-कंपन्यांच्या वेळापत्रकातील वेळ अशी मोजीत नाहीत. उभ्या विमानाच्या चाकांस लावलेले ठोकळे काढल्यापासून मुक्कामी ते पुन्हा लागेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरला जातो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, रांग, चढण, उतरण, वाऱ्याचा विरोध, सारे त्यात आले. म्हणून दीड तासाचे दोन तास धरणे सुज्ञपणाचे. जेट विमान असेल तर हेच काम दीड तासाच्या आत उरकेल. आणि पोचल्यावर घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागेल, कारण नेपाळने आपली प्रमाणवेळ गौरीशंकर शिखराजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर बेतली आहे आणि १९८६ पासून ती भारताहून पाव तास पुढे आहे. त्याआधी हा फरक दहाच मिनिटांचा होता. त्यामुळे छापील वेळापत्रकात जाताना प्रवास पाव तासाने लांबलेला आणि येताना पाव तासाने आखूडलेला दिसतो, आणि एकाच मार्गावर दोन वेगवेगळे कालावधी पाहून पुष्कळ उतारू बुचकळ्यात पडतात.

आता खरी कैफियत. हे दोन तासांचे विमान अस्तित्वात नाही, कधी नव्हते, आणि एखाद्या धनिकाने मनात आणले तरी उद्या सकाळी ते उडू शकणार नाही. आकाश मोकळे आहे ही समजूत कवींपुरती ठीक आहे; १९४४ साली शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्रास आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केले आहे, आणि त्याच करारानुसार दुसऱ्या राष्ट्राचे नियमित विमान परवान्यावाचून आत येऊ शकत नाही. कोणत्या देशाच्या कंपनीने कोणत्या गावाहून कोणत्या गावास आठवड्यातून किती खेपा कराव्या, हे दोन सरकारांमधील करारात ठरते. त्याखेरीज विमान ज्या ठिकाणाहून परदेशी जाणार ते ठिकाण कस्टम खात्याने त्या कामासाठी जाहीर केलेले असावे लागते आणि तेथे पासपोर्ट तपासणारे अधिकारी नेमलेले असावे लागतात. नागपुरास ही सारी व्यवस्था आहे, बिरसीस ती नाही. बिरसीहून हैदराबादेकडची विमानसेवा प्रथम २०२२ च्या मार्चात आणि पुन्हा २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाली, ही तेथील नागरी वाहतुकीची अलीकडची मिळकत.

समजा, हेही सगळे मिळाले. तरी विमान वर वर्णिलेल्या सरळ रेषेने जाणार नाही. विमानांचे मार्ग आकाशात आखून दिलेले असतात आणि एका देशातून दुसऱ्या देशात शिरण्याचे बिंदू ठरलेले असतात. दक्षिणेकडून नेपाळात शिरणारी बहुतेक विमाने बिहारच्या सीमेजवळील सिमरा या बिंदूवरून आत घेतली जातात. भैरहवा तेथून बरेच पश्चिमेस असल्याने तिकडे जाणाऱ्या विमानास आधी पूर्वेकडे वळसा घालून मग आतल्या आत माघारी यावे लागते. भैरहवा आणि नेपाळगंज येथून थेट शिरण्याची मुभा मिळावी म्हणून नेपाळ सरकार गेली कित्येक वर्षे दिल्लीकडे अर्ज-विनंत्या करीत आहे. २०२३ च्या जूनमध्ये नेपाळचे पंतप्रधान दिल्लीस आले तेव्हाही हा विषय निघाला होता. दिल्लीच्या सावधपणास कारण नाही असे नव्हे. भैरहव्याच्या दक्षिणेस शंभर किलोमीटरांच्या आत गोरखपूर आहे आणि गोरखपुरात हवाईदलाचा तळ आहे. आणि नवा विमानतळ सरहद्दीस इतका लगटून आहे की तेथे येणारे विमान नकळतही भारताच्या हद्दीत डोकावणार. तराईत डिसेंबर-जानेवारीत पडणारे धुके हा आणखी एक वैरी: आठ-आठ दिवस सूर्य धड दिसत नाही, आणि ऐन यात्रेच्या हंगामात विमाने खोळंबतात. एवढा खर्च करून बांधलेल्या त्या धावपट्टीवर उद्घाटनानंतर परदेशी विमाने किती तुरळक उतरली, ही नेपाळी वृत्तपत्रांची नित्याची तक्रार आहे.

तेव्हा आपल्या पवनीच्या गृहस्थास विमानानेच जावयाचे असेल तर काय करावे लागते ते पाहू. पहाटेची एस.टी. धरून भिवापूर, उमरेडमार्गे नागपूर. अंतर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास, वेळ दोन तास. पूर्वी नागपूर-नागभीड नॅरोगेजवर ‘पवनी रोड’ हे स्थानक होते आणि ज्यास घाई नाही त्यास ती झुकझुक गाडी होती. ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ च्या अखेरीस ती बंद झाली. नागपूरहून शारजा आणि दोहा येथे थेट विमाने गेली आहेत, पण शेजारच्या नेपाळात नाही. म्हणून आधी दिल्ली, सुमारे ८५० किलोमीटर; दिल्लीहून काठमांडू, सुमारे ८१५; आणि काठमांडूहून देशी विमानाने माघारी भैरहवा, १९० च्या पुढे. बेरीज १,८६० किलोमीटरांच्या घरात जाते, आणि नागपूर-भैरहवा हे सरळ अंतर ८४० आहे. प्रत्यक्ष हवेत असण्याचा काळ चार तासांचा. परंतु नागपुरास दीड तास आधी हजेरी, दिल्लीस एका दालनातून दुसऱ्या दालनात जाऊन तीन तास आधी हजेरी, एकाच धावपट्टीच्या काठमांडूवर कधी उतरण्याची पाळी येईपर्यंत डोंगरांवर घिरट्या, मग पासपोर्टची रांग, सामानाची वाट, पुन्हा देशी विमानतळावर हजेरी, असे करीत सकाळी पवनी सोडलेला माणूस सर्व काही बिनबोभाट जुळले तरच रात्री लुंबिनीस पोचतो. चौदा-पंधरा तासांपैकी दहा तास त्याने खुर्चीवर बसून काढलेले असतात.

येथे नागपूरकरास एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या ठाण्यास परतत. चार दिशांची माणसे एका मध्यवर्ती जागी आणून वाटून देण्याची जी पद्धत आज जगभरच्या विमान-कंपन्या वापरतात, तिचा प्रयोग आपल्या नागपुरात इतक्या आधी यशस्वी झाला होता. फरक इतकाच की त्या काळी अवघा देश नागपुरास येऊन गाडी बदलीत असे, आणि आज नागपूरकरास उत्तरेच्या शेजारी जाण्यासाठी दिल्लीस जाऊन गाडी बदलावी लागते. कंपन्यांस दोष देण्यात अर्थ नाही. सत्तर खुर्च्यांचे विमान रोज उडवायचे तर रोज निदान पन्नास माणसे दोन्ही बाजूंनी मिळाली पाहिजेत. ती दिल्लीस मिळतात, कारण सगळीकडची माणसे तेथे गोळा होतात, आणि ती तेथे गोळा होतात कारण सगळीकडची विमाने तेथे जातात.

रेल्वेचा हिशेब याहून सरळ आहे. नागपूरहून गोरखपुरास जाणाऱ्या गाड्या भोपाळ, कानपूर, लखनौ असा पश्चिमेचा वळसा घेत साधारण एका दिवसात पोचवितात. गोंदियाच्या माणसास आणखी एक वाट आहे, जी पुष्कळांस ठाऊक नसते: छत्तीसगडातील दुर्गहून नौतनव्यापर्यंत जाणारी एक्सप्रेस, आठवड्यातील ठराविक दिवशी सुटणारी, बिलासपूर, शहडोल, कटनी करीत थेट नेपाळच्या उंबरठ्यावर नेऊन सोडते. शहडोल हे नाव आपण वर आकाशातील रेषेवर वाचले आहे. सर्व मार्गांत तोच मार्ग त्या रेषेशी अधिक इमान राखतो. नौतनव्याहून सोनौलीचा नाका काही किलोमीटरांवर, नाक्यापलीकडे भैरहवा चार-पाच किलोमीटर, आणि तेथून लुंबिनी पंचवीसच्या आत.

सोनौलीस सरहद्द म्हणजे एक कमान आणि तिच्याखालून अखंड वाहणारी गर्दी. सायकलरिक्षा, बटाट्याच्या गोण्या घेतलेली माणसे, लग्नाचे वऱ्हाड, मालमोटारींची मैलभर रांग. भारतीय माणूस चालत निघाला तर बहुधा त्यास कोणी हटकीत नाही, कारण १९५० च्या मैत्री-करारापासून उभय देशांच्या नागरिकांस व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयास मात्र पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र दाखवावेच लागते. नुसते आधार कार्ड खिशात ठेवून विमानतळावर गेलेले लोक परत फिरविले जातात, तेव्हा पवनीच्या गृहस्थाने निघण्यापूर्वी हा दाखला पाहून ठेवावा. स्वतःची मोटार किंवा बस घेऊन जाणारास पलीकडच्या बेलहिया नाक्यावर ‘भन्सार’ म्हणजे जकात भरून जितके दिवस राहावयाचे तितक्या दिवसांची चिठ्ठी घ्यावी लागते, आणि त्या खिडकीपुढे गेलेला वेळ कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. जकातीचा या भूमीशी संबंध तसा पुरातन आहे. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक लुंबिनीस आला आणि बुद्ध येथे जन्मला म्हणून त्याने गावाचा ‘बली’ हा कर माफ करून धान्याचा राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला, असे तेथील स्तंभावर कोरलेले आहे. १८९६ साली हा लेख उजेडात आला आणि लुंबिनीची जागा निश्चित झाली.

आमच्या भागातले बौद्ध उपासक या सगळ्या खटपटीस वळसा घालून जातात. हिवाळ्यात किंवा बुद्धपौर्णिमेच्या सुमारास एखादी ट्रॅव्हल्सची बस ठरवायची, चाळीस-पन्नास माणसे जमवायची, टपावर गॅसची शेगडी, तांदूळ, तुरीची डाळ आणि तिखटाचे डबे चढवायचे, बरोबर एक स्वयंपाकी घ्यायचा आणि बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती अशी प्रदक्षिणा करून दहा-बारा दिवसांनी परतायचे, हा रिवाज गावोगाव पडून गेला आहे. स्वतः डॉ. आंबेडकर १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, तेव्हा त्यांनीही त्याच दौऱ्यात लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ आणि कुशीनगर ही स्थळे पाहिली. दीक्षेनंतरचा तो जेमतेम दुसरा महिना होता, आणि त्यापुढच्या महिन्यात त्यांचे निर्वाण झाले.

या बसच्या लोकांस विमानाचे आमिष दाखवून पाहावे, म्हणजे मागणी का जमत नाही ते उमगते. कुशीनगरास २० ऑक्टोबर २०२१ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पहिले विमान श्रीलंकेतील भिक्खूंना घेऊन उतरले. हा विमानतळ भैरहव्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. परिनिर्वाणाचे स्थळ एका विमानतळापाशी, जन्माचे स्थळ दुसऱ्यापाशी, आणि दोहोंमध्ये प्रवासी जातात ते मोटारीने. बिरसी-भैरहवा विमान उद्या सुरू झालेच, तर ते पवनीकरास दोन तासांत लुंबिनीच्या दाराशी सोडील; पण वाटेतील बुद्धगया आणि सारनाथ त्याला खिडकीतून दिसणारही नाहीत, कारण रेषा त्यांच्या बरीच पश्चिमेकडून जाते. जन्मात एकदाच निघालेला माणूस तिकीट काढण्यापूर्वी हाच हिशेब करणार, आणि बसमधील एक जागा राखून ठेवण्यासाठी शंभराच्या चार नोटा विसारादाखल देऊन मोकळा होणार.